चाळीस फुटांची खोटी भिंत

पडदे रंगवतो असं सांगितलं की आपल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "म्हणजे कुठल्या कंपनीत?" आणि जरा थांबून दुसरा, "आणि मिसेस काय करतात?" सगळी काळजी त्या दुसऱ्या प्रश्नात असते. इकडच्या बेलव्ह्यू गावच्या एका ताईंनी तर फोन करून फॅमिली रूमच्या काचेच्या दाराचं माप दिलं होतं आणि मागून उन्हाचं अस्तर लावून मिळेल का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, ताई, माझा लहानात लहान पडदा तुमच्या दिवाणखान्यात मावायचा नाही. त्यांना राग आला. तेव्हा आधी धंदा काय ते सांगतो, मग घर कसं गेलं ते सांगतो. दोन्ही वेगळं करून सांगायला गेलो तर मलाच जमणार नाही.

नाटकात, बॅलेत, ऑपेरात मागे जे आकाश दिसतं, जंगल दिसतं, राजवाड्याचा जिना दिसतो, ते पुष्कळदा कापडावर रंगवलेलं असतं. तो माझा पडदा. हे काम मी सांगलीला बापूमामाकडं शिकलो. मामा नाटक कंपन्यांचे पडदे करायचा. तो कापड उभं टांगायचा आणि शिडीवर चढून रंगवायचा. न्यूयॉर्कला आलो तर इथली तऱ्हा वेगळी. कापड लाकडी जमिनीवर पसरायचं, कडेनं स्टेपल ठोकायचे, खळ द्यायची आणि लांब बांबूला ब्रश बांधून, उभ्यानं, चालत चालत रंगवायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय, केर काढतायत का रंगवतायत? पण महिनाभरात हात बसला. जवळून बघाल तर नुसते फराटे दिसतात. शिडीवर चढून वरून बघितलं की त्यांचं आकाश होतं. या कामाला बाकी काही नसलं तरी चालतं, जमीन मात्र मोठी लागते.

ती जमीन आम्हाला ब्रुकलिनमधल्या एका जुन्या कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर मिळाली. पूर्वी तिथं पुठ्ठ्याची खोकी बनायची. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, पूर्वेला सात उंच खिडक्या आणि मेपलच्या फळ्यांची जमीन. इकडं अशा जागेला लॉफ्ट म्हणतात. आपल्याकडं लॉफ्ट म्हणजे स्वयंपाकघरावरचा माळा, जिथं फराळाचे डबे ठेवतात. म्हणून "आम्ही लॉफ्टमध्ये राहतो" असं मी पत्रात लिहिलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. शेवटी मी तिला माप कळवलं. मग तिचं उत्तर आलं, एवढी जागा झाडतं कोण?

झाडायची माझी बायको, शैला. ती स्वतः कापडावर ठसे उठवणारी कलाकार, लाकडाचे ठसे स्वतः कोरायची. एका टोकाला तिचं टेबल, मध्ये माझा पडदा, आणि दुसऱ्या टोकाला स्वयंपाक आणि पलंग. आमची गौरी तिथंच वाढली. पडदा पसरलेला असला की भिंतीकडेनं, मोजे घालून चालायचं. पडदा उचलून नेला की ती सायकल काढायची आणि साठ फूट जायची, साठ फूट यायची. एखाद्या पोरीला असं अंगण मॅनहॅटनमधल्या श्रीमंतांच्या घरीसुद्धा मिळालं नसेल.

एकत्र राहणं आणि रंगवणं म्हणजे अडचणीही यायच्याच. एकदा एका बॅले शाळेचा हिमाचा पडदा पसरला होता. पांढरा, निळसर, तीन आठवड्यांचं काम. शैला आमटीचं पातेलं घेऊन कडेनं निघाली आणि तिचा पाय घसरला. आमटी थेट हिमात. पातेलं घरंगळत भिंतीपर्यंत गेलं. शैला म्हणाली, "अहो, आता?" हळद कापडातून जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मी शिडीवर चढून अर्धा तास बघत बसलो, मग खाली उतरलो आणि त्या डागाभोवती लांबवरची एक झोपडी काढली. डाग झाला तिच्या खिडकीतला दिवा. बॅलेच्या बाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, या एका खिडकीमुळे सगळं हिम थंड वाटायला लागलं. आमसूल घातलेली आमटी होती, हे आम्ही सांगितलं नाही.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. एक डिझायनर होता, त्याला सगळे ढग दमलेले हवे असायचे. मी ढग काढले की तो म्हणायचा, "हा अजून ताजा आहे." चार वेळा पुसायला लावलं. पाचव्या वेळी मी रागानं ब्रश नुसता ओढत नेला आणि तो म्हणाला, हेच. तेव्हापासून मला दमलेला ढग काढता येतो. त्या लेकाचे उपकार आहेत.

या धंद्यातली अजून दोन गुपितं सांगतो, कारण पुढं त्यांनीच घात केला. पहिलं, खोटी वस्तू खरी दिसायला हवी असेल तर आधी तिची सावली काढायची. उजेड कुठून येतो ते ठरवायचं आणि सावली त्याच्याशी इमान राखते का ते बघायचं. दुसरं, पडदा कुणी जपून ठेवत नाही. नाटक संपलं की त्यावर पांढरा हात मारायचा आणि नवीन काढायचं. माझं जन्माचं काम माझ्याच हातानं पुसलेलं आहे.

आता घराचं. तिथं राहणं बेकायदा होतं. भाडेकरार कामाच्या जागेचा, राहण्याचा नव्हे. शहरात कितीतरी कलाकार असेच राहत. घरमालक सॅल म्हणून म्हातारा इटालियन होता. त्याला सगळं माहीत होतं. खाली भेटला की गौरीला लॉलीपॉप द्यायचा आणि मला म्हणायचा, "मी हिला बघितलेलं नाही बरं का." पत्ता कुठं उमटू नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून जपायचो. टपाल, बँक, गौरीची शाळा, सगळ्यावर पत्ता शैलाच्या मावशीचा, जॅक्सन हाइट्सचा. पोरगी रोज सकाळी तासभर सबवेनं तिकडच्या शाळेत जायची. कागदोपत्री आम्ही ब्रुकलिनमध्ये नव्हतोच.

एका सोमवारी सॅलचा फोन आला. गुरुवारी शहराचा तपासनीस येणार. पलंग दिसता कामा नये, चूल दिसता कामा नये, पोरगी दिसता कामा नये. पलंग मी नेणार कुठं? तीन दिवस होते. शैला म्हणाली, "अहो, तुम्ही राजवाडे उभे करता, एक भिंत उभी करा की."

मी केली. चाळीस फूट लांब, बारा फूट उंच. लोखंडी रॅक, रॅकवर पुठ्ठ्याची खोकी, कापडाचे तागे, एका खोक्याची चिकटपट्टी सुटलेली, एकावर पाणी पडून वाळल्याचा डाग. पूर्वेच्या खिडक्यांतून सकाळी दहाला उजेड कसा येतो ते बघून सावल्या टाकल्या, कारण तपासनीस दहाला येणार होता. कापड छताच्या पाइपाला टांगलं, समोर चार खरी खोकी ठेवली, एक खरी शिडी टेकवली. मागे पलंग, शेगडी, गौरीची सायकल, देव्हारा, सगळा संसार. शैलानं आदल्या दिवसापासून फोडणी दिली नाही. वास रंगवून झाकता येत नाही ना.

तपासनीस आला. सभ्य माणूस, लांब कोट घातलेला. त्यानं सगळीकडं बघितलं, माझ्या भिंतीसमोर दहा फुटांवर उभा राहिला, तिचा फोटो काढला आणि विचारलं, "खोक्यांत काय आहे?" मी म्हटलं, कागद. त्यानं तसं लिहून घेतलं. शैला पडद्यामागे पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, माझ्यापासून चार हातांवर. तो गेला आणि आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो. आयुष्यात मला एवढी दाद कुणी दिली नाही. तीन दिवस शैलाच्या मावशीकडं ठेवलेली गौरी संध्याकाळी आली, तिनं भिंत बघितली आणि खरंच विचारलं, "बाबा, आपलं घर कुठंय?"

आठवड्यानं मी त्या कापडावर पांढरा हात मारला आणि त्यावर कुणासाठी तरी व्हेनिस काढलं.

पुढं काही वर्षांनी कायदा बदलला. अशा जागांत राहणाऱ्यांना शहर संरक्षण देणार होतं. अट एवढीच, की कायद्यानं ठरवलेल्या मागच्या एका बारा महिन्यांच्या काळात तुम्ही तिथं सलग राहत होतात. आम्ही अर्ज केला. सॅलनं हरकत घेतली नाही, कुणी पुरावा मागितला नाही, आणि आमचं भाडं बांधलं गेलं. म्हणजे ते वर्षाला थोडंच वाढणार, मालकाला मनात येईल तेव्हा काढता येणार नाही, आणि आमच्यामागून बरोबर राहणाऱ्या मुलीला जागा मिळू शकणार. मुंबईकरांना पागडीची खोली आठवेल. दारावर आम्ही पहिल्यांदा नावाची पाटी लावली, मराठीत. शैला ती रोज पुसायची.

दहा-एक वर्षं सुखाची गेली. गौरी लग्न होऊन मॅसॅच्युसेट्सला, श्रूजबरीला गेली. पण तिचा जीव तिथं रमला नव्हता. ती चित्रं काढायची, तिला मोठ्या जमिनीची सवय. नवऱ्यानं न्यूयॉर्कला नोकरी बघायला घेतली होती. ती दोघं येऊन आमच्याबरोबर राहणार आणि पुढं लॉफ्ट तिच्याकडं जाणार, एवढीच माझी इच्छा उरली होती. मी खिडकीजवळची जागा तिच्यासाठी रिकामीसुद्धा केली.

तेवढ्यात सॅल गेला. त्याच्या पुतण्यानं इमारत एका कंपनीला विकली. कंपनीच्या वकिलांनी जुन्या फायली उघडल्या आणि त्यांना तपासनिसाचा अहवाल सापडला. तारीख नेमकी त्या बारा महिन्यांतली. "पूर्ण जागा गोदाम आणि कामासाठी. राहण्याची कोणतीही खूण नाही." बरोबर फोटो. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे लोक त्या काळात इथं राहतच नव्हते, संरक्षण खोटं सांगून मिळवलं, ते रद्द करा.

आमची वकील नोरा म्हणून तरुण मुलगी होती. तिनं पुरावे मागितले. टपाल? जॅक्सन हाइट्स. बँक? जॅक्सन हाइट्स. गौरीची प्रगतिपुस्तकं? तीही तिकडचीच. वरच्या मजल्यावरचा मूर्तिकार साक्षीला आला. आमच्याकडं कितीदा जेवलात, तर म्हणाला, शेकडो वेळा. कुठल्या वर्षी, तर त्याला सांगता येईना. मग नोरा म्हणाली, घरातले फोटो आणा, फोटोत तारखा असतात.

मी अल्बम आणले. तिनं एकेक पान उलटलं आणि तिचा चेहरा बदलत गेला. गौरीचा वाढदिवस, मागे व्हेनिसचा कालवा. दिवाळी, मागे बर्च झाडांचं जंगल. शैलाची पन्नाशी, मागे राजवाड्याचा जिना. घरात दर वेळी एखादा नवा पडदा तयार असायचा, मग त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायचा हा आमचा रिवाज. उगाच शेगडीसमोर कोण उभं राहील? नोरानं शांतपणे विचारलं, "यातल्या एका तरी फोटोत तुमचं घर आहे का?" शैलानं अल्बम मिटला आणि मांडीवर घेऊन बसली.

राहिला तो तपासनिसाचा फोटो. नोरा म्हणाली, ही भिंत रंगवलेली आहे हे सिद्ध झालं तर त्यांचा सगळा डाव कोसळतो. पण मूळ कापड? त्यावर व्हेनिस, आणि व्हेनिसवर आणखी काय काय. गौरी श्रूजबरीहून आली होती. ती म्हणाली, "बाबा, मग पुन्हा रंगव ना. सेम टू सेम. तीच खोकी, तीच शिडी, त्याच जागेवरून फोटो. They'll see."

मला जो हुरूप आला म्हणता! हात सहा वर्षं ब्रशला लागला नव्हता. गुडघे कुरकुरत होते, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पण कापड पसरलं, खळीचा वास आला आणि मी बांबू हातात घेतला. गौरी तीन आठवडे माझ्याबरोबर राहिली. रंग कालवायची, कापड ताणायची, मी सांगेन तिथं पाणी शिंपडायची. दुपारी तिघंही जमिनीवर बसून पिठलं-भात खायचो. शैला गुणगुणत असायची. घर वाचवायला बसलोय हे मी अधूनमधून विसरायचो. इतकं छान चाललं होतं.

पडदा पुरा झाला, टांगला, नोरानं फोटो काढला. गौरी शिडीवर चढली, वरून खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान झालंय, बाबा."

सुनावणी घेणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवले, चष्मा काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी माझ्याकडं बघून, अगदी अदबीनं म्हटलं, "सर, तुमचं काम सुंदर आहे. पण हे रंगवलेलं आहे, हे मला दिसतं. त्या फोटोत मला ते दिसत नाही." त्यांना माझं मन दुखवायचं नव्हतं. मालकाचा वकील कागद आवरायला लागला.

निकाल टपालानं आला. बत्तीस वर्षांचं घर रिकामं करायला आम्हाला चार महिने मिळाले. शैलाचे ठसे, माझे बांबू, पातेली, देव. शेवटच्या दिवशी मी बुटांसकट त्या जमिनीवर मधोमध उभा राहिलो. फळ्यांच्या फटींत सगळे रंग होते, प्रत्येक पडद्याचा थोडा थोडा. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. शैला म्हणाली, "चला आता." तिनंच पाटी उतरवली.

आता आम्ही गौरीकडं, श्रूजबरीत. घर चांगलं आहे, शेजार आपल्याच लोकांचा, शनिवारी कुणाकडं तरी एकेक पदार्थ नेऊन पॉटलक असतोच. तळघर मला कामाला दिलं आहे. छत साडेसात फूट. मी छोटे छोटे पडदे करतो, मंडळाच्या नाटकांसाठी. लोक कौतुक करतात. रोज सकाळी दहाला मला त्या सात खिडक्यांमधला उजेड आठवतो. तो या वेळेला तिथल्या जमिनीवर कुठवर आला असेल, हे मी तळघरात बसून फुटांत सांगू शकतो.

पडदा फसला कसा, असं कुणी विचारलं की मी सांगतो, शेजारी काचेचा टॉवर झाला ना, त्यानं पूर्वेचा उजेड अडवला, सावल्या जुळल्या नाहीत. ऐकणाऱ्याला पटतं. नोरालाही पटलं. टॉवर आहे, खोटं नाही. पण फोटोसाठी आम्ही दिवे लावून उजेड बरोबर आणला होता.

घर सोडून निघालो त्या दिवशी गाडी गौरी चालवत होती. शैला मागे झोपली होती. कनेटिकट संपत आलं तेव्हा गौरी रस्त्याकडंच बघत म्हणाली, "बाबा, मला शिडीवरूनच दिसलं होतं. खोकी रॅकवर बसलीच नव्हती. They were floating."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खूश होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, कदाचित फोटोत दिसणार नाही."

मी खिडकीची काच वर केली. तिला वाटलं असेल, बाबा रागावला. राग कसला? खोक्यांखालच्या सावल्या चुकतायत हे मला दुसऱ्याच आठवड्यात दिसलं होतं. पुसून पुन्हा केल्या, तरी हात तिथंच चुकत होता. गौरी तेव्हा माझ्या शेजारी रंगाची बादली धरून उभी होती. तिची नजर माझ्याइतकीच तयार, हात माझ्यापेक्षा स्थिर. नुसतं म्हणायचं होतं, बाळ, इथून पुढं तू कर. ब्रश माझ्या हातात होता आणि मी तो दिला नाही.